खग्रासात डोळे मिटू नका

वाचकाचं पत्र

"आईच्या आजारपणात माझी कित्येक वर्षं गेली. ती जाऊन आता वर्ष होत आलं. घर, नोकरी सगळं सुरू आहे, पण आतून मी पार रिकामी झाले आहे. माझी एक मैत्रीण ध्यान करणाऱ्या एका गटात आहे. हा गट २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास सूर्यग्रहण अनुभवायला इजिप्तमध्ये लक्झरला जाणार आहे आणि मीही यावं असा तिचा आग्रह आहे. त्यांचं म्हणणं असं की खग्रासाच्या सहा मिनिटांत प्रचंड ऊर्जा उतरते. त्याआधीच्या काही क्षणांत सूर्याचा शेवटचा किरण उघड्या डोळ्यांनी 'आत घ्यायचा', मग डोळे मिटून संकल्प करायचा, तो हजारपटीने फळतो. नोकरी सोडावी की नाही, या विचाराने मी हैराण आहे. मैत्रीण म्हणते, कौल तिथेच मिळेल. भाऊ म्हणतो, शुद्ध वेडेपणा आहे, घरबसल्या व्हिडिओ बघ. मला जावंसं फार वाटतं. पण एवढ्या लांब जाऊन नेमके ढग आले तर? माझ्या नशिबातच नव्हतं असं समजायचं का? मी जाऊ की नको?"

– एक वाचक

प्रिय मैत्रीण,

तुम्ही जावं असंच मला वाटतं. भावाला जो वेडेपणा वाटतो तो मला वाटत नाही. खग्रास बघायला माणसं समुद्र ओलांडून जातात आणि परत आल्यावर पुढच्या ग्रहणाची तारीख शोधू लागतात. त्यांत मुरलेले खगोल अभ्यासक असतात, तशीच दुर्बिणीला कधी हातही न लावलेली माणसं असतात. चंद्राची सावली अंगावरून जाते तेव्हा काय होतं हे मी अनुभवलं आहे, म्हणून तुमची ओढ मला कळते. पण त्या गटाने आखलेल्या कार्यक्रमातल्या दोन गोष्टींना माझा ठाम विरोध आहे. एक तो 'शेवटचा किरण' आणि दुसरे ते मिटलेले डोळे.

आधी किरणाचं बोलते, कारण त्यात तुमची दृष्टी पणाला लागते. सूर्याची केसाएवढी कोर उरली असली, तरी त्या कोरीचा प्रत्येक ठिपका भर दुपारच्या सूर्याइतकाच प्रखर असतो. एरवी सूर्याकडे नजर गेली की डोळे आपसूक मिटतात, पाणी येतं. ग्रहणात मात्र भोवतालचं ऊन मंदावलेलं असतं, त्यामुळे बघणं सुसह्य वाटतं आणि नजर तिथे टिकते. त्याच वेळी आत दृष्टिपटल भाजत असतं. दृष्टिपटलाला वेदना होत नाही, त्यामुळे काही बिघडतंय हे कळतसुद्धा नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, वाचायला घेतलं की अक्षरांच्या मधोमध डाग दिसतो. २०१७ च्या ग्रहणानंतर न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीच्या डोळ्यांची तपासणी झाली, तेव्हा तिच्या दृष्टिपटलावर कोरीच्याच आकाराची इजा सापडली. अशा जखमेवर खात्रीचा इलाज नाही. किरण आत घ्यायला सांगणाऱ्या माणसाची श्रद्धा कितीही खरी असली, तरी याबाबतीत त्याचं ऐकायचं नाही.

नियम सोपा आहे. सूर्याचा एक ठिपकाही उरला असेल तर ग्रहण बघायचा खास चष्मा डोळ्यांवरच. तोही आयएसओ १२३१२-२ हे मानक पाळणारा, चरे न पडलेला, खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेला. चष्म्यातून काहीच दिसेनासं झालं की खग्रास सुरू झालं. मग तो काढायचा आणि मनसोक्त बघायचं. दुसऱ्या कडेने पहिला ठिपका चमकला की नजर खाली आणि चष्मा परत डोळ्यांवर. साध्या डोळ्यांनी बघायला मिळतात ती मधली मिनिटंच, आणि गट नेमकी तीच तुम्हाला डोळे मिटून घालवायला सांगतो आहे. म्हणजे जेव्हा बघायचं नाही तेव्हा बघा आणि जेव्हा बघायचं तेव्हा मिटा, असा हा उलटा क्रम झाला.

आता ऊर्जेबद्दल. सूर्यापासून आपल्यापर्यंत प्रकाश आणि उष्णता येते, ती ग्रहणात चंद्राने अडवलेली असते. खग्रासात त्या जागी पोहोचणारी ऊर्जा कमी होते, तापमान काही अंशांनी उतरतं, अंगाला गारवा जाणवतो. कुणी म्हणेल, सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात त्याचं काही बळ असेल. दोघांचं गुरुत्वाकर्षण एकाच दिशेने लागतं हे खरं, पण ते दर अमावस्येला लागतं आणि त्याने समुद्राला उधाण येतं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक अमावास्यांना चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून नाहीतर खालून निघून जाते. ज्या अमावास्येला ती पृथ्वीवर पडते, त्या दिवशी ग्रहण. ओढ जवळपास तेवढीच, वेगळी असते ती सावली. तेव्हा आकाशातून काहीतरी उतरतं आणि ते झेलायला विशिष्ट पद्धतीने बसावं लागतं, या बोलण्याला आधार नाही.

पण एवढ्यावर हात झटकून मोकळं होणं मला पटत नाही, कारण त्या गटातली माणसं ज्याला ऊर्जा म्हणतात ते माणसांना खरोखर जाणवतं. घसा दाटतो, हात थरथरतात, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारतात. २०१७ मध्ये अमेरिकेवरून ग्रहणाचा पट्टा, म्हणजे जिथून खग्रास दिसतं ती जमिनीची पट्टी, गेला, तेव्हा संशोधकांनी ट्विटरवर लोकांनी काय लिहिलं ते तपासलं. पट्ट्यातल्या लोकांच्या लिहिण्यात विस्मय जास्त होता, आणि 'मी'च्या तुलनेत 'आम्ही' वाढला होता. हे त्या माणसांच्या आत घडलं, आणि घडलं ते समोर जे दिसत होतं त्याने. मला यात अध्यात्म पुरेपूर दिसतं. स्वतःपेक्षा अफाट मोठ्या गोष्टीसमोर उभं राहिल्यावर 'मी' थोडा सैल होतो, याहून वेगळं आपण ध्यानातून तरी काय मागतो?

तिथे काय दिसतं ते सविस्तर सांगते, म्हणजे डोळे मिटण्याची किंमत तुमच्या लक्षात येईल.

सुरुवातीला काही विशेष वाटत नाही. चष्म्यातून बिंबाची एक कड खाल्लेली दिसते आणि ती हळूहळू वाढत जाते. सव्वा-दीड तास हे असंच चालतं. झाडाखाली उभ्या असाल तर जमिनीकडे बघा. पानांमधल्या फटींतून पडणारे कवडसे एरवी गोल असतात, ते सगळेच्या सगळे कोरी झालेले दिसतात, शेकडो कोरी, वाऱ्याने एकत्र हलणाऱ्या. तीन-चतुर्थांशाच्या पुढे सूर्य झाकला गेला की उजेडाचा पोत बदलतो. संध्याकाळचा उजेड तांबूस होतो, हा तसा होत नाही. तो करडा, धातूसारखा होतो, माणसांच्या चेहऱ्यांवर विचित्र दिसतो. सावल्या एका दिशेने इतक्या रेखीव होतात की हात समोर धरला तर मनगटावरची लव जमिनीवरच्या सावलीत वेगळी दिसते. वारा बदलतो किंवा पडतो. पक्षी घरट्यांकडे निघतात. फिकट जमीन किंवा पांढरी चादर समोर असेल, तर शेवटच्या एक-दोन मिनिटांत तिच्यावर कधीकधी अंधूक पट्टे सरपटताना दिसतात. हवेच्या थरांतून येताना त्या बारीक कोरीचा प्रकाश थरथरतो, त्याचे ते छायापट्टे.

मग क्षितिजाकडून सावली येते. ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगाने ती येत असते. मोकळ्या मैदानावर असाल तर एका बाजूचं आकाश वादळ चढून यावं तसं काळवंडताना दिसतं. कोरीचे तुकडे होतात. चंद्राच्या कडेवरच्या डोंगरांच्या मधल्या खाचांतून सूर्य डोकावतो, त्यांना बेलीचे मणी म्हणतात. त्यातला शेवटचा एकच उरतो, ती हिऱ्याची अंगठी. आणि तोही विझतो.

त्यानंतर जे दिसतं त्याचं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल, पण छायाचित्राने तयारी होत नाही. सूर्याच्या जागी काळंकुट्ट वर्तुळ आणि त्याभोवती रुपेरी प्रभामंडल, रेशमाच्या तंतूंसारखं, सगळीकडे सारखं नसलेलं, कुठे लांब पसरलेलं तर कुठे आखूड. कडेला गुलाबी ठिणग्या दिसल्या तर त्या सूर्यावरच्या ज्वाळा, आणि त्यांतली एखादी पृथ्वीपेक्षा कित्येक पट मोठी असू शकते. ग्रह आणि ठळक तारे दिसू लागतात. क्षितिजावर मात्र चारी दिशांना मावळतीचा रंग असतो, कारण सावलीच्या पलीकडे ऊन आहे आणि तुम्ही सावलीच्या आत उभ्या आहात. तिथे उभं राहिलं की आपण एका फिरत्या गोलावर आहोत, दुसरा गोल आपल्या आणि सूर्याच्या मध्ये आला आहे, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य अंगावर येतं.

हे प्रभामंडल सूर्याच्या झगमगाटापुढे सुमारे दहा लाख पटींनी फिकं असतं, म्हणून एरवी आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. ते कायम तिथेच असतं. ज्यांना ऊर्जेचं गूढ हवं आहे त्यांनी खरं तर याच्याकडे बघावं. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा आहे आणि त्याच्याबाहेर पसरलेलं हे विरळ आवरण दहा लाख अंशांहून अधिक तापलेलं आहे. आच जिथून येते तिथून दूर गेल्यावर तापमान उतरायला हवं, इथे ते चढतं. का, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. अवकाशयानं त्याच्या जवळून जाऊन मोजमापं घेत आहेत.

आणि हे दिसतं तरी कशामुळे? सूर्य चंद्रापेक्षा सुमारे ४०० पटींनी मोठा आहे आणि जवळपास ४०० पटींनीच दूर आहे, म्हणून दोन्ही बिंबं आकाशात सारखी दिसतात. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटरने आपल्यापासून लांब जातो आहे. साधारण ६० कोटी वर्षांनी त्याचं बिंब सूर्य झाकायला कायमचं अपुरं पडेल आणि पृथ्वीवरून खग्रास दिसणं संपेल. हा योगायोग आहे असं मी मानते. त्यामागे कुणाची योजना आहे असं तुम्ही मानत असाल तर मी वाद घालणार नाही. दोघींनाही त्या वेळी वरच बघायचं आहे.

म्हणून त्या गटाला माझ्या वतीने एक सुचवा. ध्यान करायचंच असेल तर खंडग्रासाच्या त्या सव्वा-दीड तासात करा. उजेड उतरत जाताना शांत बसणं खरंच सुंदर असतं. किंवा ग्रहण सुटल्यावर करा, तेव्हा मन भरलेलं असतं. मधली सहा मिनिटं मोकळी ठेवा. ढोल नकोत, सूचना देणारा आवाज नको, मोबाइलवर चित्रण तर नकोच.

२९ मे १९१९ च्या ग्रहणाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले होते. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का, आइनस्टाइनचं गणित खरं आहे का, हे तपासायचं होतं. सकाळी पाऊस झाला, ढग होते, खग्रास पाच मिनिटांचं. फोटोच्या काचा बदलण्यात ते इतके गुंतले होते की ग्रहण आपण पाहिलंच नाही, सुरू झालं का आणि ढग किती आहेत एवढ्यापुरती नजर वर टाकली, असं त्यांनी नंतर लिहिलं. त्यांच्यावर जबाबदारी होती, त्यांना दुसरा मार्ग नव्हता.

तुमच्यावर तिथे कसलीच जबाबदारी नाही. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यांत जास्त लागलं ते हेच. इतकी वर्षं तुम्ही आजारी माणसाजवळ होतात. औषधांच्या वेळा, रात्री आईच्या श्वासाकडे लागलेला कान, घड्याळाला बांधलेला दिवस. अशा माणसाला ती वर्षं संपल्यावरही मोकळं बसणं जमत नाही, आपलं काहीतरी करायचं राहिलंय असं वाटत राहतं. आणि आता हा संकल्प. तो नीट करायचा, मनात दुसरा विचार येऊ द्यायचा नाही, सहा मिनिटांत उरकायचा, चुकला तर हजारपटीची संधी गेली. मला यात तुमच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवलेलं दिसतं. ग्रहण तुमच्याकडून काहीही मागत नाही. तुम्ही तयार असा वा नसा, मन शुद्ध असो वा रडवेलं, ते ठरल्या सेकंदाला सुरू होतं आणि ठरल्या सेकंदाला संपतं. काही करावं लागत नाही अशी सहा मिनिटं, आणि समोर आयुष्यातलं सर्वांत अद्भुत दृश्य. रिकाम्या झालेल्या माणसाला याहून जास्त काय द्यावं हे मला सुचत नाही. रडू आलं तर येऊ द्या. आईची आठवण आली तर तिच्याशी बोला. काहीच वाटलं नाही तरीही चालेल.

नोकरीचा निर्णय मात्र तिथे घेऊ नका. खग्रासानंतर मन उचंबळून आलेलं असतं. त्या भरात सगळं शक्य वाटतं, आणि जो पहिला विचार मनात येईल तो दैवी संकेत वाटतो, विशेषतः भोवतीची माणसं तसंच म्हणत असतील तर. तिथे ठरवलेलं चुकीचंच असेल असं नाही, पण ते ठरवलं कुणी, तुम्ही की त्या भराने, हे तुमचं तुम्हाला कळणार नाही. परत या. कामावर जा. महिनाभर रोजच्या दिवसांत राहूनही नोकरी सोडावीशी वाटली तर पैशाचा हिशोब मांडून, भावाशी बोलून ठरवा. आणि नोकरी नकोशी झाली आहे की आई गेल्यापासून सगळंच नकोसं झालंय, हे आधी तपासा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर समुपदेशकाला भेटायला ऑगस्ट २०२७ ची वाट बघू नका, या आठवड्यात भेटा.

ढगांची भीती तुम्हाला आहे, ती प्रत्येक ग्रहण-प्रवाशाला असते. लक्झरच्या बाबतीत ती फार कमी आहे. तिथे ऑगस्टमध्ये आकाश बहुधा निरभ्र असतं, धूळ आली तरच अडचण. पण समजा आलेच ढग. २२ जुलै २००९ च्या खग्रासात बिहारमधल्या तारेगणाला हजारो लोक जमले होते आणि ढगांनी सूर्य झाकलेला राहिला. शांघायमध्ये तर पाऊस पडत होता. तिथे जमलेल्या सगळ्यांच्या नशिबात एकाच सकाळी खोट निघाली असं कोण म्हणेल? सावलीची वाट आणि वेळ शेकडो वर्षं आधी गणिताने काढता येते, ढगांची येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि ढगांखालीही सावली येतेच. भर दिवसा काही क्षणांत काळोख पडतो, पाखरं गप्प होतात. प्रभामंडल हुकल्याचं दुःख मोठं असतं, ते मी कमी लेखत नाही. पण त्या दुःखाला कौल समजू नका. आईच्या आजारपणाचाही कुठेतरी असाच अर्थ लावून तुम्ही स्वतःला दोष देत असाल अशी मला शंका आहे, म्हणून हे जरा जोर देऊन लिहिते.

भावाचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं की पैसे तुमचे आहेत आणि कुणाच्या आग्रहाखातर ते खर्च करू नयेत. व्हिडिओचं म्हणाल तर चारी बाजूंचं क्षितिज, अंगावरचा गारवा आणि शेजारच्या माणसाच्या तोंडून निघालेला आवाज पडद्यावर येत नाही. ९९ टक्के झाकलेला सूर्यही चालणार नाही. उरलेला एक टक्का प्रभामंडलापेक्षा हजारो पटींनी प्रखर असतो, त्यामुळे ना प्रभामंडल दिसतं ना अंधार पडतो. पृथ्वीवरच्या कुठल्याही एका जागी खग्रास सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं, त्यामुळे त्याच्याकडे आपणच जावं लागतं.

आणि याच ग्रहणाला जावं असं खास कारणही आहे. २०२७ चं ग्रहण लक्झरच्या परिसरात जास्तीत जास्त ६ मिनिटं २३ सेकंद टिकणार आहे. इतकं लांब खग्रास पुन्हा २११४ पर्यंत नाही. सावली अटलांटिकवरून येऊन दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया करत इजिप्तमध्ये उतरते आणि पुढे सौदी अरेबिया, येमेन, सोमालियाकडे जाते. लक्झरला खग्रास दुपारी एकच्या सुमाराला आहे. सूर्य तेव्हा जवळजवळ डोक्यावर असेल. मान वर करून सहा मिनिटं उभं राहिलात तर मान अवघडेल, म्हणून सतरंजी घ्या आणि सरळ पाठीवर झोपा, अधूनमधून उठून क्षितिज बघून घ्या. तिथे ऑगस्टच्या दुपारी पारा चाळिशीच्या पुढे असतो. सावली, टोपी आणि भरपूर पाणी लागेल. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. ऊन सोसणार नाही असं वाटलं तर २२ जुलै २०२८ ला ऑस्ट्रेलियात ग्रहण आहे, सिडनीला पावणेचार मिनिटांच्या आसपास आणि ऐन हिवाळ्यात. तिथे ढगांचा धोका मात्र जास्त.

पैसे भरण्याआधी गटाला लेखी विचारा: त्या दुपारी आपण नेमके कुठे असू, आणि तिथे खग्रास किती मिनिटं आहे? 'इजिप्तमध्ये' हे उत्तर पुरेसं नाही. कैरो पट्ट्याच्या बाहेर आहे. नाईलवरच्या जहाजातून फिरवणार असतील तर एक वाजता जहाज कुठे असेल ते विचारा. पट्ट्याची रुंदी सुमारे २५८ किलोमीटर आहे. मध्यरेषेजवळ थोडं इकडेतिकडे झालं तर फार फरक पडत नाही, पण कडेला गेलात तर मिनिटांची सेकंदं होतात. जागा मोकळी आहे का, की मंडपात बसवणार आहेत? चष्मे कोण देणार? आणि खग्रासात कुणाला डोळे उघडे ठेवून बाजूला बसायचं असेल तर हरकत आहे का? या शेवटच्या प्रश्नावर कुरकुर झाली तर त्यांच्यासोबत जाऊ नका, ग्रहण दाखवायला नेणाऱ्या दुसऱ्या सहली आहेत, ज्यांत खगोल अभ्यासक सोबत असतात. हरकत नाही म्हणाले तर मैत्रिणीबरोबर खुशाल जा आणि त्या वेळेपुरत्या थोड्या लांब बसा.

ही विचारणा लवकर करा, कारण त्या आठवड्याच्या लक्झरमधल्या खोल्यांना जगभरातून मागणी आहे. चष्मे एकाऐवजी दोन घ्या. आणि भावाला हे उत्तर वाचायला द्या, कदाचित तोच विचारेल की दुसरा चष्मा कुणासाठी आहे.